कांडोळ, क्रमांक सतरा

मी सतरा नंबरची पाटी बोलतेय. दप्तरातली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. मी झाडाच्या गळ्यातली पाटी. वीतभर लांब, चार बोटं रुंद, ॲल्युमिनियमची, दोन टोकांना दोन भोकं. आयुष्यभर मी काय बोलायचं ते माझ्या जन्माच्या दिवशीच माझ्या अंगावर ठोकून ठेवलं गेलं, आणि गेली अठरा वर्षं मी तेवढंच बोलत आले आहे : हे झाड कांडोळ आहे.

त्यातली सोळा वर्षं मी खरं बोलले. पुढच्या दोन वर्षांबद्दल कोणाला तरी सांगावं म्हणून आज तोंड उघडलं आहे. मला रंगवून सांगता येत नाही. पाटीला जे आहे ते सांगायची सवय असते, तसंच सांगेन.

माझा पत्रा मानेसरच्या एका कारखान्यातला. मोटारीचा कुठलासा भाग साच्यात चुकला आणि मी भंगारात गेले. तिथे दीनानाथराव नावाचे टूलरूममधले इंजिनिअर होते. त्यांनी साहेबांना विचारून, रीतसर गेटपास करून मला आणि माझ्यासारखे दोन-तीन पत्रे कंपनीच्या बसमधून द्वारकेला घरी आणले. घरी त्यांची बायको लतिकाबाई वाटच बघत होत्या. दिल्लीच्या शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून त्या नुकत्या निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्त शिक्षकाला कोणी विद्यार्थी मिळाला नाही की तो घरच्यांना शिकवायला लागतो.

बाल्कनीत पोतं अंथरून दीनानाथरावांनी मला कापलं, कानशीने कडा घासल्या आणि एकेका अक्षराचा ठसा हातोडीने ठोकायला घेतला. वर हिंदी नाव कुल्लू, मधे शास्त्रीय नाव, खाली मराठी नाव. चावडी बाजारातून आणलेल्या ठशांमध्ये ‘ळ’ नव्हता. तो कोणाला लागणार इकडे? दीनानाथरावांनी दोन संध्याकाळी बसून पोलादाच्या कांडीतून तो स्वतः घासून काढला. खालच्या मजल्यावरच्या अरोराबाई दोनदा ठकठकीची तक्रार घेऊन आल्या आणि दोन्ही वेळा चहा पिऊन गेल्या.

मी पहिल्या झटक्यात झाले नाही. माझ्या आधीच्या पत्र्यावर शास्त्रीय नावातलं एक अक्षर चुकलं होतं. दीनानाथराव म्हणाले, एवढं कोण बघतंय. लतिकाबाईंनी तो पत्रा त्यांच्या हातातून घेतला आणि केराच्या डब्यात टाकला. म्हणाल्या, “झाड चुकत नाही हो. वाचणारा चुकतो, आणि मग तो मरेपर्यंत चुकत राहतो.” दीनानाथरावांनी दुसरा पत्रा घेतला. तो पत्रा म्हणजे मी.

आता मी जिथे टांगली गेले त्या जागेबद्दल सांगते. मानेसरच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी ‘मौनालय’ नावाची एक साधना संस्था आहे. तिथे लोक गप्प बसायला येतात. ऑफिसात दिवसभर बोलून थकलेली माणसं रविवारी गाडी काढून गप्प बसायला इतक्या लांब जातात, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. नंतर त्यांचं गप्प बसणं पाहिलं आणि कळलं की घरी कोणी त्यांना गप्प बसू देत नसणार.

संस्थेची जमीन म्हणजे जुनी दगडाची खाण. सगळीकडे विलायती बाभूळ माजलेली. संस्था काढणारे थोरले स्वामीजी दिवसातून फक्त अर्धा तास बोलत. आई गेल्यावर लतिकाबाई तिथे जाऊन बसायला लागल्या होत्या. एक दिवस त्या अर्ध्या तासात त्यांनी स्वामीजींना सांगितलं, की तुम्ही इथे शांती शोधता आहात आणि भोवती असं झाड वाढवलंय जे दुसऱ्या कोणाला जगू देत नाही. स्वामीजी हसले आणि म्हणाले, “तो फिर आप ही लगाइए, जो लगाना है।” अकरा एकर जागा त्यांनी लतिकाबाईंच्या हवाली केली.

मग पुढली वीस वर्षं लतिकाबाईंनी तिथे अरवलीची मूळची झाडं गोळा केली. धावडा, सालई, रोहिडा, शमी, पळस, वायवर्णा. प्रत्येकाचं बी कुठून आणलं, कधी पेरलं, किती मेली, किती जगली, सगळं त्यांच्या वहीत. लोक त्याला बाग म्हणायचे तेव्हा त्यांना राग यायचा. बाग शोभेसाठी असते, हा वृक्षसंग्रह आहे, इथे प्रत्येक झाड आपल्या जातीची साक्ष द्यायला उभं आहे, असं त्या सांगत. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा बागच म्हणायचा.

त्यांचा एक नियम होता. झाडाने तीन उन्हाळे काढल्याशिवाय त्याला पाटी नाही. मोठमोठे देणगीदार रोप लावून फोटो काढत आणि आमच्या नावाची पाटी कधी लागणार म्हणून विचारत. लतिकाबाई म्हणायच्या, पाटी झाडाच्या नावाची लागते, आणि ती झाडाने कमवायची असते. दिल्लीकडचे उन्हाळे ज्याने काढलेत त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

माझा कांडोळ त्यांनी आणि दीनानाथरावांनी अलवरकडच्या डोंगरातून आणला होता, बीच्या रूपात. त्याच्या फळांवर बारीक काटेरी लव असते. ती लतिकाबाईंच्या बोटांत शिरली आणि आठवडाभर पोळ्या दीनानाथरावांनी लाटल्या. खाणीच्या पूर्वेकडच्या उतारावर, कातळाच्या एका भेगेत त्यांनी ते बी घातलं. रामफलने, म्हणजे तिथल्या हरियाणवी माळ्याने, डोक्याला हात लावला होता. पण कांडोळाला असाच दगड लागतो. बाकीच्या झाडांना पाणी घालून जगवावं लागलं. हा मात्र आपला आपणच वाढला.

तिसरा उन्हाळा सरला आणि मला त्याच्या खोडाला बांधलं. सुरुवातीला खोड माझ्याहून अरुंद होतं. तांब्याची तार, मधे एक स्प्रिंग, म्हणजे झाड जाड झालं तरी गळा आवळला जाणार नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दीनानाथराव पक्कड घेऊन यायचे आणि तीनशेहून जास्त झाडांच्या तारा एकेक करून सैल करायचे. त्या दिवशी डब्यात दडपे पोहे असायचे आणि रामफल त्यांतला कच्चा कांदा वेचून बाजूला ठेवायचा.

कांडोळासारखं झाड मी पाहिलं नाही, पाहणार कुठून, मी एकालाच बांधलेली होते. साल पांढरी, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. हिवाळ्यात सगळी पानं टाकून तो उघडा उभा राहायचा, आणि नवे साधक तो मेला समजून ऑफिसात कळवायला जायचे. मग लतिकाबाई त्यांना परत घेऊन यायच्या आणि माझ्यावर बोट ठेवून समजावायच्या. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला भाग. कोणाला तरी एक खरी गोष्ट कळायची आणि तिच्यात माझा वाटा असायचा.

येणाऱ्यांच्या सवयीही मला पाठ झाल्या. बहुतेक जण मला वाचतात आणि झाडाकडे न बघता पुढे जातात. काही झाडाला मिठी मारतात आणि मला वाचत नाहीत. मराठी माणूस मात्र लगेच ओळखू येतो. जानेवारीत पानिपताला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाऊन आलेली मंडळी कधी कधी दिल्ली बघता बघता इकडेही यायची. त्यातला एखादा माझ्यापाशी थबकायचा आणि बायकोला हाक मारायचा, की अगं, इकडे ये, इथे मराठीत लिहिलंय. मौनालयात बोलायचं नसतं हे त्या क्षणी तो साफ विसरलेला असायचा.

पुष्करही असाच आला होता. पुण्याचा मुलगा, गुरुग्रामला मोठ्या आयटी कंपनीत. रविवारी गप्प बसायला यायचा. ‘ळ’ बघून थांबला, आणि मग दर रविवारी लतिकाबाईंच्या मागे वही घेऊन फिरू लागला. त्या त्याला पानं ओळखायला शिकवायच्या, तो त्यांना काकू म्हणायचा. घरची आठवण आली की द्वारकेला जेवायला जायचा. दीनानाथराव गेले, तेव्हा त्यांचा मुलगा नोएडाहून पोचेपर्यंत सगळं पुष्करने पाहिलं. पुढची दोन वर्षं पक्कड घेऊन आमच्या तारा सैल केल्या त्याही त्यानेच. हलक्या हाताचा होता. मी त्याला कधी घाबरले नाही, हे मुद्दाम सांगते.

थोरले स्वामीजीही गेले. नव्या गुरुजींचा व्याप मोठा होता. त्यांच्यामागे मोठमोठ्या गाड्या येऊ लागल्या, मौनात बसायला जागा पुरेना, आणि पाच हजार माणसं मावतील असं ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. पुष्कर तोवर संस्थेचा सचिव झाला होता. ध्यानमंदिराची जागा पूर्वेचा उतार. त्या उतारावर पाटी असलेली त्रेचाळीस झाडं होती, आणि त्यांत माझा कांडोळ.

मौनालयात हात वर करून मत घेत नाहीत. थोरल्या स्वामीजींनी घालून दिलेली पद्धत अशी, की सचिवाने ठराव वाचायचा आणि मग सगळ्यांनी दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. ज्याला ठराव मान्य नसेल त्याने उठून उभं राहायचं. एक जण जरी उभा राहिला तरी ठराव मागे. कोण उभं राहिलं ते फक्त सचिवाला दिसतं, म्हणजे कोणाचा राग कोणावर राहत नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या बाईंनी उभं राहून संध्याकाळचा चहा बंद करायचा ठराव पाडला होता. कोण उभं राहिलं ते आजही बाकीच्यांना माहीत नाही, पण मला माहीत आहे. बैठक माझ्यासमोरच्या चौथऱ्यावर होते, आणि मला मिटायला डोळेच नाहीत.

बैठकीच्या आदल्या दिवशी पुष्कर लतिकाबाईंना घेऊन माझ्यापाशी आला. दोघं खाली दगडावर बसले. 

“काकू, प्रॅक्टिकली बघा ना,” तो म्हणाला. “तुम्ही उद्या उभ्या राहिलात तर ठराव पडेल. पण पुढच्या वर्षी हे लोक बाहेरची एजन्सी आणतील, आणि मग सगळाच संग्रह जाईल. आत्ता त्रेचाळीस दिली तर बाकीची तीनशे मी वाचवतो. आणि तोडायचं कुठे म्हणतोय? मशीनने मुळासकट उचलून पलीकडे लावू.”

लतिकाबाईंनी सांगितलं की कांडोळ हलवता येत नाही, त्याचं मूळ कातळात गेलेलं आहे. ट्राय तर करू, असं तो म्हणाला. त्या खोडाकडे पाहत राहिल्या.

“तीनशे लेखी देशील?”

“लेखी देतो, काकू. माझ्यावर विश्वास आहे ना?”

त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुष्करच्या शब्दांपेक्षा त्या हाताची मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर सत्तर-पंचाहत्तर माणसं बसली. पुष्करने ठराव वाचला आणि सगळ्यांनी डोळे मिटले. लतिकाबाई दुसऱ्या रांगेत होत्या, माझ्यापासून वीस पावलांवर. चार-पाच मिनिटं झाली असतील. त्यांचा उजवा हात मांडीवरून खाली आला आणि तळवा फरशीवर टेकला. गुडघे दुखत असल्यामुळे त्या अशाच उठतात. पुष्कर उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता आणि मीही बघत होते. तो हात फरशीवर तसाच राहिला. मग त्यांनी तो उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

पुष्करने घंटा वाजवली. ठराव मंजूर झाला. त्या वेळी मला त्यांचा राग आला नाही, कारण तीनशे झाडांचा हिशेब मलाही कळत होता. मी स्वतःला समजावलं, की झाड गेलं तर गेलं, मी त्याच्याबरोबर खरी म्हणून जाईन. पाटीला याहून जास्त काय हवं असतं?

पावसाळ्याच्या तोंडाशी मशीन आलं. रामफलने मला आणि बाकीच्या बेचाळीस जणींना सोडवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, पण डबा उघडाच चौथऱ्यावर होता, म्हणून पुढचं मी पाहिलं. कांडोळाचं मूळ निघेना. ते कातळाच्या आत कुठवर गेलं होतं कोणास ठाऊक. मशीनवाल्याने दोनदा झटका दिला आणि खोड मुळाच्या वर मोडलं. मोडलेल्या जागेतून पांढरा चिकट डिंक आला. लोक अशा वेळी झाड रडलं म्हणतात. मी म्हणणार नाही. तो डिंक होता.

लतिकाबाई तिथे नव्हत्या. त्या येतील असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

त्रेचाळीसपैकी अकरा जगली. कांडोळ धरून बाकीची बत्तीस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मेली. आता वनखात्याची अट अशी होती की हलवलेल्या झाडांतली निदान चार पंचमांश जगलेली दिसली पाहिजेत, नाहीतर ध्यानमंदिराची परवानगी रद्द. तपासणीला त्या खात्याचे साहेब येणार असल्याचं पत्र आलं, आणि पुष्करने रोपवाटिकेतून बत्तीस मोठी झाडं आणवली. रस्त्याच्या कडेला लावतात तसली, तयार, पंधरा-पंधरा फुटांची. पहिली झाडं चौथऱ्याच्या पलीकडे नेऊन लावली होती, तिथे मेलेल्यांच्या जागी ती लावली. कांडोळासाठी खणलेल्या खड्ड्यात अर्जुन आला, कारण त्याचीही साल फिकट असते आणि लांबून फरक कळत नाही.

राहिल्या मेलेल्या झाडांच्या बत्तीस पाट्या. पुष्करने डबा रामफलच्या हातात दिला आणि कुठली कुठे टांगायची याची यादी दिली. रामफलला वाचता जेमतेम येतं, पण वीस वर्षांत इथलं प्रत्येक झाड त्याच्या हाताखालून गेलेलं आहे. त्याने मला उचलून पाहिलं, अर्जुनाकडे पाहिलं आणि मला परत डब्यात ठेवलं.

“यो काम मेरे तै ना होवै,” तो म्हणाला. पुष्करने समजावलं, मग जरा आवाज चढवला. रामफलने डबा जमिनीवर ठेवला आणि तो फावडं घेऊन निघून गेला. त्याची नोकरी जाईल की काय याची मला काळजी वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमान वाटला. मला वाटलं, आता हे प्रकरण लतिकाबाईंपर्यंत जाईल आणि त्या काय करतील हे मला ठाऊक होतं. एका अक्षरासाठी ज्यांनी अख्खा पत्रा केरात टाकला, त्यांना ओळखण्यात चूक कशी होईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी लतिकाबाई आल्या. एकट्याच. त्यांच्या हातात दीनानाथरावांची पक्कड होती.

त्यांनी डबा उचलला आणि यादी बघितलीच नाही, त्यांना ती लागत नव्हती. चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मला हातात घेतल्यावर त्यांचा अंगठा माझ्या अक्षरांवरून एकदा फिरला आणि ‘ळ’पाशी थांबला. तेव्हाही मला वाटलं होतं की त्या आता मला पदराआड घेतील आणि घरी घेऊन जातील. त्यांनी तार ओवली, अर्जुनाच्या खोडाभोवती गुंडाळली, स्प्रिंग नीट बसवली आणि पिळा दिला. काम नेहमीसारखं नीटनेटकं. मग त्या पुढच्या झाडाकडे गेल्या. बत्तीस पाट्या त्यांनी अशाच टांगल्या.

मला कापलं तेव्हा दुखलं नव्हतं, ठसे ठोकले तेव्हाही नव्हतं. हे दुखलं. पुष्करने टांगलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. पण ज्यांनी मला खरं बोलायला शिकवलं त्यांनीच मला खोट्याला जुंपलं, आणि तेही चांगल्या सरावाच्या हाताने.

अर्जुनाचा यात काही दोष नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो भला वृक्ष आहे. त्याला स्वतःचं नाव आहे, मान आहे. माझ्यामुळे तो इथे दुसऱ्याचं नाव घेऊन उभा आहे.

तपासणीचे साहेब आले ते तरुण होते आणि अदबीने वागणारे होते. त्यांनी मला वाचलं, वर झाडाकडे पाहिलं, परत मला वाचलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी लतिकाबाईंना विचारलं, “मैडम, ये वही पेड़ है?”

पुष्कर शेजारी उभा होता. लतिकाबाईंनी क्षणभरच घेतला असेल.

“जी, वही है।”

साहेब म्हणाले की आपण स्वतः सांगताय तर प्रश्नच नाही, माझ्या बहिणीला तुम्ही शाळेत शिकवलंय. मग वाकून नमस्कार केला आणि कागदावर खूण केली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, लतिकाबाईंवर बसला. खाली सहीही लतिकाबाईंचीच घेतली, त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस झाडं जिवंत असल्याची.

ध्यानमंदिर झालं. छान आहे म्हणतात. पुष्करने दिलेला शब्दही लेखी होता, खोटं कशाला बोलू. त्यात लिहिलं होतं की उरलेलं एकही झाड तोडलं जाणार नाही. हलवलं जाणार नाही असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं.

पाच हजार माणसं येणार तर त्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहणार? या वर्षी पश्चिमेच्या उतारावरची साठ झाडं हलवायचा ठराव आला. त्यात धावड्याचं ते जुनं टोळकं आहे आणि बाईंच्या हातचा पहिला रोहिडा आहे. लतिकाबाई या वेळी चिडून आल्या. बोलणं माझ्यासमोरच झालं. त्यांनी पुष्करला सांगितलं की मी उभी राहणार, आणि बैठकीत नाही जमलं तर साहेबांकडे जाऊन उभी राहणार.

पुष्करने आवाज अजिबात चढवला नाही. “काकू, साहेबांना काय सांगाल?” त्याने विचारलं. “मागच्या सगळ्या कागदांवर सही तुमचीच आहे. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. तुमचं नाव खराब झालेलं मला नाही बघवणार.”

तो हे कळवळून बोलला. मला वाटतं त्याला ते खरंही वाटत होतं. लतिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मला टांगल्यानंतर पहिल्यांदाच. मग काठी घेतली आणि हळूहळू फाटकाकडे चालत गेल्या. बैठकीला त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या त्यांच्या जागेवर कोणीतरी चपला ठेवायची पिशवी ठेवली होती. दहा मिनिटं सगळे डोळे मिटून बसले आणि पुष्करने घंटा वाजवली. दिवाळीनंतर मशीन येणार आहे. बत्तीसच्या बत्तीस खोट्या पाट्या खपल्या, तेव्हा साठही खपतील.

गेल्या रविवारी लतिकाबाई नातीला घेऊन आल्या. मैत्रेयी, अकरा वर्षांची, नोएडाच्या शाळेत आहे. शाळेने इथल्या मूळच्या झाडांवर काहीतरी लिहून आणायला सांगितलंय. मराठी वाचताना ती अडखळते, पण माझी खालची ओळ तिने बोट ठेवून वाचली. तिने वर बघितलं आणि खूश झाली.

“आजी, हाच ना तुझा कांडोळ? तू आणि आजोबांनी अलवरहून आणलेला? पप्पा सांगतात ना, आजोबांनी पोळ्या केल्या होत्या तो?”

तिथे पुष्कर नव्हता. साहेब नव्हते, कागद नव्हता, वाचवायला तीनशे झाडंही पणाला लागलेली नव्हती. फक्त एक मूल होतं आणि त्याने विचारलं होतं. बाईंच्या पायाशी अर्जुनाची पाच पंखांची फळं पडली होती. आंधळ्यानेही चाचपून सांगितलं असतं.

“हो,” लतिकाबाई म्हणाल्या. “हाच तो.”

मैत्रेयीने वहीत पानाचं चित्र काढलं, खाली नीट अक्षरात कांडोळ लिहिलं आणि एक फळ रुमालात बांधून घेतलं. वर्गात दाखवणार आहे. जाताना तिने मला पुसलं, ओढणीच्या टोकाने, धूळ बसली होती म्हणून. इतक्या प्रेमाने मला दीनानाथरावांनंतर कोणी पुसलेलं नाही, आणि मला ते सोसवलं नाही.

लतिकाबाई, हे तुम्हाला सांगते आहे. पश्चिमेचा उतार अजून उभा आहे. तुमचा रोहिडा अजून उभा आहे. मला इथून काढा आणि त्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवा. सांगा की ही पाटी मी खोटी टांगली आणि बाकीच्या एकतीसही. तुमचं नाव जाईल, खरं आहे. पण तुमचं नाव मोठं की साठ झाडं, हे तुम्ही एके काळी मला विचारलंही नसतं. दिवाळीला अजून बावीस दिवस आहेत.

तुम्ही येणार नसाल तर माझ्यापुढे जो कोणी उभा राहील त्याच्यापाशी मागणं आहे. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते वाचू नका. मी आजन्म एकच वाक्य शिकले आणि तेच आता खोटं आहे, त्यामुळे हे दुसरं माझ्या वतीने तुम्हीच म्हणा, मौनालयात बोलायला बंदी असली तरी मोठ्याने म्हणा. हा अर्जुन आहे. कांडोळ मेला.